ट्रॅक्टरवरची ताडपत्री : झाकावे, पण कोंडू नये



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. ताडपत्रीवर लेख लिहिण्याची वेळ येईल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. पण मागच्या गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्या गटात एक प्रकार घडला, आणि त्यात चूक आमचीही होती. ती लपवून ठेवण्यापेक्षा सर्वांपुढे मांडली तर चार जणांचे नुकसान तरी टळेल, म्हणून हा लेख.

झाले ते असे. आमच्या गटातील एका वाहतूकदार सभासदाने जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर आणि ट्रॉली घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली. शेड नाही, जागा काळ्या मातीची. आम्ही त्या बाजूला लागणीच्या नोंदी घ्यायला गेलो होतो. त्यांनी सहज विचारले, "साहेब, पावसाचं झाकून ठेवतो, कसं झाकू?" आम्हीही सहज सांगितले, "चांगली जाड ताडपत्री घ्या आणि जमिनीपर्यंत घट्ट आवळून बांधा. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये." त्यांनी शब्दशः तसेच केले. चार महिने गाठ सोडली नाही.

कारखान्याची मोळी पडली. मराठवाड्यातून टोळी येऊन खोपीवर उतरली. पहिल्याच दिवशी सकाळी शेजारच्या सभासदाच्या उसाला कोयता लागला आणि दुपारी ट्रॅक्टर काढायला गेले, तर तो चालू होईना. बॅटरी उतरलेली होतीच, पण वायरिंगही उंदरांनी कुरतडलेले. ते जोडून इंजिन कसेबसे सुरू झाले, तर क्लच सुटेना, गिअर पडेना. हंगामाच्या सुरुवातीला मिस्त्री मिळणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सहा दिवस ट्रॅक्टर जागचा हलला नाही. उचल घेतलेली टोळी बसून राहिली. तोडलेला अर्धा एकर ऊस दुसरे वाहन मिळेपर्यंत दोन दिवस फडात वाळत पडला. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा असे आम्ही सभासदांना नेहमी सांगतो, कारण पुढे वजनही घटते आणि साखरही. तो ऊस ज्याचा होता त्या सभासदाचा यात काडीचाही दोष नव्हता.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा ते वाहतूकदार सभासद शांतपणे एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणालासा न्हवं, खालपातूर घट्ट झाका म्हणून."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून आम्ही चार ठिकाणची वाहने उघडून पाहिली, मिस्त्रींना विचारले, ताडपत्रीच्या दुकानांत बसलो. त्यातून जे समजले ते खाली देत आहोत.

पाणी वरूनच येते असे नाही

आमची चूक अशी झाली की पाऊस फक्त वरून पडतो एवढेच आम्ही धरून चाललो. प्रत्यक्षात झाकलेल्या वाहनाला जास्त त्रास होतो तो खालून येणाऱ्या ओलीचा.

ही गोष्ट ऊस शेतकऱ्याला समजावून सांगण्याची खरे म्हणजे गरजच नाही. आपण पाचट का ठेवतो? जमिनीतली ओल उडून जाऊ नये म्हणून. एक डोळा पद्धतीने रोपे करताना भरलेले ट्रे एकावर एक रचून चार-पाच दिवस ताडपत्रीत घट्ट गुंडाळतो. कशासाठी? आत ऊब आणि दमटपणा कोंडावा, डोळा लवकर फुटावा म्हणून. हाच प्रयोग आपण काळ्या ओल्या मातीवर ट्रॅक्टर ठेवून, त्यावर जमिनीपर्यंत ताडपत्री सोडून करतो. मग आत कोंब फुटणार तो गंजाचाच!

दिवसा ऊन पडले की जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते. ताडपत्रीखाली ती अडते. रात्री ताडपत्री थंड पडली की तिच्या आतल्या बाजूला त्या वाफेचे थेंब धरतात आणि खाली बॉनेटवर, सीटवर, वायरिंगवर टपकतात. सकाळी हवा लवकर तापते, पण इंजिनाचे जड लोखंड बराच वेळ गार राहते, त्यामुळे त्यावरही दव धरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचीच हवा त्याहून दमट असते, मग कोंडलेल्या ताडपत्रीखाली काय होत असेल ते बघा.

खात्री करायची असेल तर ओल्या जमिनीवर एक प्लॅस्टिकचा कागद रात्रभर अंथरून ठेवा आणि सकाळी उलटा करून पाहा. आम्ही पाहिला. हात ओला झाला.

आपण जमिनीला वाफसा येऊ देतो, तेव्हाच मुळे तरारतात. पाणीही हवे आणि हवाही हवी. वाहनाला पाणी नकोच आहे, पण हवा मात्र हवीच. म्हणून पहिला नियम असा की वाहन झाकावे, पण कोंडू नये.

कोणती ताडपत्री?

दुकानात गेल्यावर चार-पाच प्रकार समोर येतात. प्रत्येकाचा गुण वेगळा आहे.

पहिली सुती कॅनव्हासची, मेण लावलेली जुनी ताडपत्री. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली छिद्रे बुजतात, म्हणून पाणी आत येत नाही. कोरडी झाली की हीच वीण थोडी श्वास घेते. लांब मुदतीच्या झाकणीला ही चांगली. मात्र ती जड असते, महाग पडते, आणि ओली घडी घालून ठेवली की कुजते. पावसात भिजलेल्या कॅनव्हासला आतून काही टेकले, तर नेमके तिथूनच पाणी झिरपते, म्हणून ती वाहनाला चिकटू देऊ नये. मेण गेले की पुन्हा लावून घ्यावे लागते.

दुसरी विणलेल्या प्लॅस्टिकची, दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेली. निळी, पिवळी, काळी अशी घरोघर दिसते ती हीच. हलकी आणि स्वस्त. पण उन्हाने हिचे आयुष्य लवकर संपते. थर सुटतो, पट्ट्या मोकळ्या होतात, आणि एक दिवस हात लावला की भुगा पडतो. उन्हाला टिकण्यासाठी यू.व्ही. प्रक्रिया केलेली आहे का, हे विचारूनच घ्यावी. या प्रकाराला आय.एस. ७९०३ हे भारतीय मानक आहे.

तिसरी, अनेक थर आडवे-उभे चिकटवून केलेली. बाजारात हिला सरसकट सिलपॉलिन म्हणतात, मग ती कोणाचीही असो. शेततळ्याला, कांद्यावर, घराच्या छपरावर आपण वापरतो ती. पाणी अजिबात येऊ देत नाही आणि सहजासहजी फाटतही नाही. हिला आय.एस. १४६११ हे मानक आहे. पण ध्यानात घ्या, जी ताडपत्री बाहेरचे पाणी अजिबात आत येऊ देत नाही, ती आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही. ही वापरायची तर वाहनाला टेकवायची नाही, छपरासारखी वर धरायची.

चौथी, पी.व्ही.सी. चढवलेली जाड ताडपत्री, ट्रकवाले मालावर टाकतात ती. ओढाताण आणि वारा सोसते. रोजच्या वाहतुकीला उत्तम, पण उभ्या वाहनावर चार महिने टाकून ठेवायला तिसरीसारखीच काळजी हवी.

पाचवे, मोटारगाडीचे तयार शिवलेले कव्हर. हे फक्त मोटारगाडी आणि जीपसाठी. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

काट्यावर घाला, मग पैसे द्या

ताडपत्रीची जाडी जी.एस.एम.मध्ये सांगतात. म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन. आकडा पाकिटावर छापलेला असतो, पण छापील आकडा आणि आतले कापड यांचा दर वेळी मेळ बसतोच असे नाही. यावर साधा उपाय आहे.

१८ × २४ फुटी ताडपत्रीचे क्षेत्रफळ ४३२ चौरस फूट, म्हणजे सुमारे ४० चौरस मीटर. ती १५० जी.एस.एम.ची असेल तर वजन ६ किलोच्या आसपास भरले पाहिजे. २०० ची असेल तर ८ किलो, आणि २५० ची असेल तर १० किलो. २५० सांगून साडेसात किलो भरली, तर काय समजायचे ते तुम्हीच समजा. कारखान्याच्या काट्यावर आपण किलोकिलोचा हिशेब मागतो आणि तो मागितलाच पाहिजे. मग ताडपत्री घेताना दुकानातला काटा का विसरतो?

दुसरी गोष्ट मापाची. छापलेले माप बहुधा कापलेल्या कापडाचे असते. कडा दुमडून शिवण घातली की ते काही इंच कमी भरते. टेप घेऊन जा.

तिसरी गोष्ट कड्यांची. लोखंडी कडी पहिल्याच पावसात गंजते, आणि गंजलेली कडी आजूबाजूचे कापड खाते. पितळी किंवा ॲल्युमिनियमची कडी बघा. कडेच्या दुमडीत दोरी घातलेली असेल तर उत्तम, नाहीतर पहिल्या वावटळीत कडी कापडासह निघून हातात येते.

आता माप किती घ्यायचे? समजा ट्रॅक्टर साडेअकरा फूट लांब, ६ फूट रुंद, आणि स्टिअरिंगपर्यंतची उंची साडेपाच फूट आहे. खाली दीड फूट मोकळे सोडायचे, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ फूट कापड हवे. लांबी साडेअकरा अधिक आठ, म्हणजे साडेएकोणीस फूट. रुंदी सहा अधिक आठ, म्हणजे १४ फूट. तेव्हा पक्के माप १५ × २० फूट पुरे. तयार मिळाली नाही तर १८ × २४ घ्या आणि जास्तीचे कापड दुमडून बांधा. आहे म्हणून जमिनीपर्यंत सोडू नका.

झाकण्याची रीत

वाहन झाकण्याआधी धुवा. ट्रॉलीच्या फळीत आणि सांध्यांत उसाचा रस, माती, पाचट बसलेले असते. ते ओल धरून ठेवते आणि मुंग्या-उंदरांना बोलावते. धुऊन एक दिवस उन्हात पूर्ण वाळवा. उघड्या पडलेल्या लोखंडाला ग्रीस किंवा रंगाचा हात फिरवा.

जागा उंच आणि मुरमाड निवडा. काळ्या मातीवर उभे करणे भाग असेल, तर खाली मुरूम किंवा जुन्या फरश्या टाका.

ताडपत्री थेट वाहनावर टाकू नका. दोन्ही टोकांना बांबूच्या कैच्या उभ्या करा, त्यावर आढे टाका आणि गोठ्याच्या छपरासारखा दोन्ही बाजूंना उतार द्या. वाहन आणि ताडपत्री यांत निदान वीतभर अंतर राहिले पाहिजे. पुढची आणि मागची बाजू वाऱ्यासाठी मोकळी, बाजूच्या कडा जमिनीपासून दीड फूट वर. थोडे शिंतोडे आत येतील, येऊ द्या. वाऱ्याने ते तासाभरात वाळतात. कोंडलेली ओल चार महिने वाळत नाही.

ताडपत्री सैल ठेवू नका. वाऱ्याने फडफडणारे कापड आणि त्याखालची धूळ मिळून सँडपेपरचे काम करतात आणि रंग घासून काढतात. टोकदार भागांवर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधा.

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण गार झाल्याशिवाय झाकू नका. प्लॅस्टिक वितळते, आणि खाली पाचट पडलेले असले तर आगीलाही निमंत्रण. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घाला, आणि चालू करताना तो काढायचे विसरू नका.

बॅटरीची वायर सोडून ठेवा. डिझेलची टाकी भरून ठेवा, कारण रिकाम्या टाकीत आतून दव धरून पाणी तळाशी साचते. क्लचचे पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने तसेच अडकवून ठेवा, म्हणजे प्लेट चिकटून बसत नाही. आमच्या त्या सभासदाचा ट्रॅक्टर अडला तो मुख्यतः यामुळेच.

दर पंधरा दिवसांनी, उघडीप मिळाली की ताडपत्री काढा. बॅटरी जोडून, इंजिन चालू करून चांगले गरम होईपर्यंत, वीसेक मिनिटे चालू ठेवा. नुसते चालू करून लगेच बंद केले तर आत उलट ओल धरते. गार झाले की पुन्हा झाका.

ताडपत्रीखाली खत ठेवू नका

आमच्या खात्याचा हा विषय, म्हणून वेगळा सांगतो. त्या सभासदांनी उरलेली पोटॅशची दोन पोती ट्रॉलीतच ठेवली होती. झाकलेच आहे, तर खतही कोरडे राहील हा हिशेब. आम्ही ट्रॉलीत पाय टाकला तेव्हा पोत्यांखालच्या पत्र्याचे पापुद्रे निघत होते. पोटॅश आणि युरिया दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, आणि पोटॅशमधला क्लोराइड लोखंडाचा उघड वैरी आहे. खत वाहिलेली ट्रॉली त्याच दिवशी धुवावी. पेंड, भुसा, धान्य यांची पोतीही आत ठेवू नयेत. उंदीर पेंडीसाठी येतो आणि वायरिंग कुरतडून जातो.

मोटारगाडी आणि जीपसाठी

रोज वापरात असलेल्या गाडीला ताडपत्री नको. तिला आतून मऊ अस्तर असलेले आणि हवा खेळू देणारे शिवलेले कव्हर घ्यावे, पोटाखालून पट्टा असलेले. फिकट किंवा चंदेरी रंग ऊन परतवतो. कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. चिमणीची राख आणि काजळी गाडीवर बसते. त्यावरच कव्हर ओढले तर रंगावर ओरखडे उठतात. आधी पाण्याने धुवा, वाळवा, मग कव्हर घाला. ओल्या गाडीवर कव्हर घालण्यापेक्षा न घातलेले बरे.

दोन गोष्टी जिवाच्या

इथवर पैशाच्या नुकसानीच्या गोष्टी झाल्या. आता जिवाच्या दोन.

पहिली नदीकाठच्या गावांसाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापूर-सांगली भागात पूर किती झपाट्याने चढला ते आपण पाहिले आहे. पूररेषेजवळ वाहन झाकून ठेवूच नका. पावसाळ्यापूर्वीच गावातल्या उंचवट्यावर न्या. ते शक्य नसेल तर चाके ठोकळ्यांवर चढवू नका, बॅटरी घरात उंचावर पण हाताशी ठेवा, आणि ताडपत्रीला एका ओढीत सुटणारी सरकगाठ मारा. रात्री अंधारात, पावसात, भिजून आवळलेली गाठ सुटत नाही, आणि ती सोडत बसण्याच्या नादात माणूस पाण्यात अडकतो. तशी वेळ आलीच तर ट्रॅक्टर सोडून द्या. ट्रॅक्टर पुन्हा घेता येतो.

दुसरी रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीची. ट्रॉली झाकली की मागचे रिफ्लेक्टर आणि लाल पट्ट्या ताडपत्रीखाली जातात. रात्री समोरून दिवे आले की मोटारसायकलवाल्याला ती दिसत नाही. कुठल्याही कारणाने झाकलेली ट्रॉली डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवू नये. नाइलाज असेल तर मागची बाजू उघडी ठेवावी आणि ताडपत्रीवरही रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवावी. घरी वाट पाहणारे कोणी ना कोणी प्रत्येकाला असते.

शेवटी

त्या सभासदांनी यंदा बांबूच्या कैच्या करून, मुरूम टाकून, ट्रॅक्टरवर छप्पर केले आहे. ताडपत्री जुनीच, फक्त बांधण्याची रीत नवी. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. त्यांनी आमच्यासमोर किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले. ते काही बोलले नाहीत, चहा मात्र सांगितला.

ज्या शेजाऱ्यांचा ऊस दोन दिवस फडात पडला होता, त्यांच्याकडेही आम्ही गेलो आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. त्यांचे घटलेले वजन काही भरून आले नाही. सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः वाकून खाली बघावे, एवढा धडा आम्ही घेतला.

तरी सर्व वाहतूकदार सभासदांनी हंगाम संपताच आपले वाहन धुऊन, वरीलप्रमाणे झाकून ठेवावे. माप किंवा वजनाचा हिशेब करताना अडचण आल्यास आपल्या गट ऑफिसात यावे. टेप आणि कागद घेऊन आम्ही बसलेले आहोत.

— ऊस विकास अधिकारी